हौसानं आणलेला आवाज

निवृत्त मास्तरला आठवणी लिहा म्हटलं की तो आधी सांगतो, माझा अमुक विद्यार्थी मामलेदार झाला, तमुक डॉक्टर झाला आणि रस्त्यात दिसला की अजून वाकून नमस्कार करतो. माझ्याजवळ तसलं काही नाही. माझा एक विद्यार्थी एस.टी.त कंडक्टर आहे. येरमाळ्याला त्याच्या गाडीत चढलो की तो ओळख दाखवतो आणि तिकीटही फाडतो. दोन्ही बरोबरच आहे. तेव्हा मोठेपणाचं काही लिहिण्यासारखं माझ्याकडं नाही. सगळ्या नोकरीत मी एकच गोष्ट अशी केली, जी आमच्या तालुक्यात आधी कुणी केलेली मला माहीत नाही. पहिली-दुसरीच्या पोरांना मी गावातल्या आणि रानातल्या आवाजांवरून वाजवायला शिकवलं. सव्वा वर्ष शिकवलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत वेळापत्रकातला ताल-गायनाचा तास मी पाढ्यांना दिला. कुणी विचारलं तर सांगायचो, गळा बसलाय. तो गळा पंचवीसेक वर्षं बसलेलाच राहिला.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्या सुमाराची ही गोष्ट. मी मूळचा तुळजापूरचा. वडील निजामाच्या अमदानीत उर्दू शाळेवर मास्तर होते, त्यामुळं मी मास्तर होणार हे माझ्या जन्माआधीच ठरलेलं. नेमणूक मिळाली ती कळंब तालुक्यातल्या एका गावी. येरमाळ्याला गाडी सोडायची आणि पाच मैल चालायचं. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून आहेत. शाळा एकशिक्षकी होती. एक खोली, समोर लिंबाचं झाड, चार इयत्ता आणि त्या चारींना मिळून मी.

नवं राज्य आलं तसा नवा अभ्यासक्रम आला. लहान मुलांना निसर्गातल्या आवाजांची ओळख करून देऊन तालाची गोडी लावावी, असं त्यात म्हटलं होतं. उदाहरणादाखल समुद्राची गाज आणि आगगाडीची शिट्टी दिली होती. ज्यानं हे लिहिलं त्याच्या घराच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला स्टेशन असणार. आमच्या पोरांनी समुद्राचं नावही ऐकलं नव्हतं. आगगाडी येडशीला होती, पण तिथवर कुणाचा बाप गेलेला नव्हता. शाळेत ना पेटी, ना तबला. मी सरळ पोरांनाच विचारलं, "आपल्याकडं काय काय वाजतं?"

"मोट वाजती, गुर्जी," एकजण म्हणाला.

तिथून सुरुवात झाली. आता इंजिनं आली, मोट पाहिलेली माणसं कमी होत चालली, म्हणून सांगतो. विहिरीवर एक लाकडी चाक असतं. बैल उताराच्या वाटेनं पुढं चालले की दोरावरून चामड्याची भरलेली मोट वर येते आणि चाक कुरकुरतं. वर आली की पाणी धबाकन् दगडी थारोळ्यात पडतं. मग बैल गळ्यातल्या घंटा वाजवत मागं मागं येतात आणि रिकामी मोट खाली जाते. चाकाला चार मात्रा, पाण्याला एक, मागं येणाऱ्या बैलांना तीन. झाला आठ मात्रांचा ताल. पोरं हसत हसत मोजायला शिकली. चाकासाठी भिजलेलं बोट गाडग्याच्या काठावरून ओढायचं, पाण्यासाठी रॉकेलच्या डब्यावर तळवा मारायचा, घंटांसाठी शिरसाच्या वाळलेल्या शेंगा हलवायच्या. सुपात ज्वारी घोळली की पाखडण्याचा आवाज निघायचा. तोंडानं गोफणीचा फटकार काढायला तर शिकवावंच लागलं नाही. साहित्याचा खर्च शून्य, त्यामुळं वरच्या कचेरीला या विषयाबद्दल तक्रार नव्हती.

मग मी एक नियम केला. रोज प्रत्येकानं घरून किंवा रानातून एक नवा आवाज आणायचा आणि लिंबाखाली सगळ्यांनी रिंगण करून बसल्यावर तो वाजवून दाखवायचा. ज्यानं आवाज आणला नाही त्यानं रिंगणातून उठून भिंतीशी जाऊन बसायचं. मला वाटलं, काय नामी युक्ती काढली! नव्या मास्तराला नियम करायची फार हौस असते, तशी मलाही होती.

पोरांनी काय काय आणलं! एकानं बैलाला हाकताना बाप काय म्हणतो ते जसंच्या तसं आणलं. ते मी दोन दिवस विसरायला लावत होतो आणि चौथीची पोरं पाठ करत होती. गणपानं आजोबांचा खोकला आणला. गणपा म्हणजे पाटलांचा नातू, दुसरीतला, पुढचे दोन दात पडलेला. तीन वेळा खोकायचं, थांबायचं, मग "हे राम" म्हणून थुंकायचं. आम्ही त्यावर ताल बसवला. एकदा खुद्द पाटील रस्त्यानं चालले होते. ते थांबले, ऐकलं आणि म्हणाले, "गुर्जी, माझ्या मरणाची वाट न बघता माझं गाणं केलंत म्हणा की!" पोटभर हसले. माणूस दिलदार होता. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं त्यांचा निकाल वाचल्यावर तुम्हाला ते वाईट वाटतील. ते वाईट नव्हते.

आणि हौसा होती. बळीबा हलगीवाल्याची मुलगी, पहिलीतली, सहा-सात वर्षांची. मातंगांची पाच-सहा घरं गावाबाहेर होती, त्यातून शाळेत येणारी ही एकटी. खोलीत ती दाराच्या उंबऱ्याशी बसायची. मी तिला तिथं बसवलं नव्हतं, पण 'आत ये' असंही कधी म्हटलं नव्हतं. शाळा सर्वांना खुली आहे अशी पाटी मात्र मी स्वतः सुंदर अक्षरात रंगवून भिंतीवर लावली होती. लिंबाखाली रिंगण असायचं आणि रिंगणात ती सगळ्यांच्या बरोबरीनं बसायची. म्हणून तिला तो तास आवडायचा. मलाही त्या तासापुरतं आपण कुणीतरी सुधारक आहोत असं वाटायचं.

त्या पोरीचा कान माझ्यापेक्षा चांगला होता. एक दिवस मोटेचा ताल चालू असताना ती मधेच म्हणाली, "गुर्जी, पाटलाच्या मोटंचं चाक दोनदा कुरकुरतंय. तुमी एकदाच घेतलंय."

मी संध्याकाळी विहिरीवर जाऊन ऐकलं. दोनदाच कुरकुरत होतं. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांसमोर म्हणालो, "हौसाचं बरोबर आहे." ती इतकी लाजली की तास संपेपर्यंत तिनं मान वर केली नाही. नोकरीत मला जे थोडं सुख मिळालं, त्यात तो दिवस येतो.

ज्वारी हुरड्यावर आली आणि तपासणीची चिठ्ठी आली. साहेब पुण्याकडचे, नव्या राज्याबरोबर आलेले. त्यांना दाखवायला मी पोरांचा एक कार्यक्रम बसवला. पहाटेची मोट, दुपारची राखण, मग खळ्यावरची मळणी. दिवस मावळण्यासाठी मात्र काही सापडेना. जड, सावकाश असं काहीतरी हवं होतं.

त्याच आठवड्यात एके दिवशी हौसानं आवाज आणला नव्हता. तिची पाळी आली तशी ती गप्प बसली.

"आवाज कुठं आहे?"

"सरलं, गुर्जी."

"आवाज कधी सरत नसतात. नसेल तर भिंतीशी जा."

तिनं भिंतीकडं बघितलं. रिंगणातून उठायचं तिच्या जिवावर आलं होतं हे मला आज कळतं. तिनं डबा पुढं ओढला आणि दोन बोटांनी, अगदी हळू, काहीतरी वाजवलं. एक जड ठोका, लांब थांबा, मग दोन हलके आणि पुन्हा एक जड. पाय ओढत कुणीतरी चाललंय असं वाटत होतं. माझ्या अंगावर काटा आला. मला हवा होता तोच ताल!

"कुठून आणलास गं हा?"

"बा वाजवतोय. पर ह्यो न्हाय वाजवायचा, गुर्जी. पोरांनी न्हाय वाजवायचा. बा रागं भरंल."

"मी सांगतो तुझ्या बाला," मी म्हणालो. "हा फार चांगला आहे. सगळ्यांना शिकव."

ती पुन्हा म्हणाली, "नगं, गुर्जी."

मी छडी जमिनीवर आपटली. मारली नाही, नुसती आपटली. तिनं शिकवला.

इथं माझ्या अडाणीपणाबद्दल सांगायला हवं. तुळजापुरात मी चौघडा, संबळ ऐकतच मोठा झालो. त्यामुळं आपल्याला वाद्यातलं सगळं कळतं अशी माझी समजूत होती. पण हलगीला वेगवेगळे बाज असतात. लग्नाचा वेगळा, देवीचा वेगळा, दवंडीचा वेगळा. गावातलं शेंबडं पोरही ते ओळखतं. एक बाज मात्र पोरांना ओळखू येत नाही, कारण तो वाजू लागला की बायका लहान मुलांना घरात ओढतात, दार लावतात आणि त्यांचे कान झाकतात. म्हाताऱ्या माणसाची मयत वाजत-गाजत नेतात, तिच्यापुढं चालताना वाजवायचा तो बाज. लहान पोराच्या कानावर तो पडला तर पोर त्या वाटेला लागतं, असं मानतात. आमच्या जातीत प्रेतापुढं वाद्य नसतं. मला यातलं अक्षर माहीत नव्हतं. ज्या एका पोरीला माहीत होतं, तिनं मला दोनदा सांगितलं होतं.

कार्यक्रमात तो बाज वाजवायला मी पुढं हौसाला बसवलं का? नाही. साहेब येणार, सगळं गाव येणार, तर पुढं पाटलांचा नातू बरा दिसेल असं मी ठरवलं. गणपानं तो हौसाकडून शिकून घेतला आणि फार छान शिकला. लोकांना नवल वाटावं म्हणून याचा सराव मी खोलीतच, दार लावून, बोटांनी हळू घेतला. हौसाच्या हातात मी शेंगा दिल्या आणि तिला मागच्या ओळीत बसवलं.

तपासणीच्या दिवशी दुपारी लिंबाखाली सगळं गाव जमलं. बळीबा तेवढा येरमाळ्याच्या बाजाराला गेला होता. मोटेला लोक खूश झाले. गोफणीच्या फटकाऱ्याला माणसांनी शिट्ट्या मारल्या. मळणी झाली. मग मी हात वर केला आणि गणपानं रॉकेलच्या डब्यावर पहिला जड ठोका दिला. दहा-बारा डबे त्याच्यामागं वाजू लागले.

पहिल्यांदा बायका उठल्या. एकीनं कडेवरच्या पोराचे कान दाबले. मागून एक म्हातारी ओरडली, "बंद करा रं त्ये! बंद करा!" मला वाटलं, गर्दीत कुणाला काही चावलं. मी पोरांना खुणेनं सांगितलं, चालू ठेवा. समोर साहेब बसले होते ना! पोरांनी शेवटपर्यंत वाजवलं. मागच्या ओळीत हौसा शेंगा मांडीवर ठेवून बसली होती. तिनं त्या एकदाही हलवल्या नाहीत. ताल संपला तेव्हा सगळ्या गावात एकटे साहेब टाळ्या वाजवत होते. ते घाटावरचे, त्यांना तरी काय कळणार! जाताना त्यांनी शेरेबुकात लिहिलं, 'ताल-गायनाचे काम उत्तम. इतर शाळांनी अनुकरण करावे.'

साहेबांची बैलगाडी गेल्यावर पाटील माझ्याजवळ आले.

"गुर्जी, ह्यो कसला बाज हाय ठावं हाय का तुमास्नी?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी सांगितलं. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "झालं त्ये झालं. तुमी तुळजापूरकडचे, तुमाला काय म्हाईत. देवीला निवद दाखवू. पुन्हा नगं म्हंजे झालं."

इतकं सरळ त्यांनी मिटवलं होतं. त्याच वेळी मी म्हणायला हवं होतं की हौसानं मला नको म्हणून सांगितलं होतं. पण मिटलेलं उकरून काढतो कोण?

बारा-तेरा दिवसांनी गावात गोवर आला. तो त्या वर्षी चहूकडं होता, येरमाळ्यातही होता. आमच्या गावातली वीसेक पोरं आजारी पडली आणि उठली. गणपा उठला नाही. ताप छातीत उतरला. बैलगाडीनं त्याला उस्मानाबादला दवाखान्यात न्यायला निघाले आणि अर्ध्या वाटेवरून परत आले.

लहान मुलांना पुरतात. त्यांच्यापुढं काही वाजत नाही. दहा-वीस माणसं मुकाट ओढ्याकडं गेली, त्यात मीही होतो. परत येताना माझ्यामागून चालणारा एकजण दुसऱ्याला हळूच म्हणाला, "त्याचं वाजवून झालंच हुतं की."

गोवर कशानं होतो हे मी चौथीला शिकवत होतो. ते सगळं मला तोंडपाठ होतं, आजही आहे. पण ते वाक्य ऐकल्यापासून आजवर माझ्या शिकण्याचा मला काही उपयोग झालेला नाही. मी गणपाला मारलं नाही हे मला माहीत आहे. तरीही तो डबा मी त्याच्या पुढ्यात ठेवला होता, हे काही केल्या पुसलं जात नाही.

पाचव्या दिवशी चावडीवर बोलावणं आलं. गाव बसलं होतं. बळीबा खाली, पायरीच्या अलीकडं, हात जोडून उभा होता. पाटील खांबाला टेकून बसले होते. त्या पाच दिवसांत ते पार म्हातारे झाले होते. मला वाटलं होतं, ते ओरडतील. ते हळू आवाजात म्हणाले, "गुर्जी, मला येवढंच सांगा. ह्यो बाज पोरांमधी आणला कुनी?"

खरं उत्तर दोन वाक्यांचं होतं. पोरीनं वाजवला, पण नको म्हणाली. मी ऐकलं नाही आणि छडी आपटून शिकवायला लावला.

मी म्हणालो, "हौसानं आणला."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. म्हणूनच ते इतक्या सहज तोंडातून गेलं. का बोललो, याची कारणं मी पुढं पुष्कळ जुळवली. बायको दिवसात होती, गावानं दिलेल्या खोलीत राहत होतो, जमाव काय करील सांगता येत नव्हतं. ही सगळी मागाहून सुचलेली आहेत. त्या वेळी मी फक्त पाटलांच्या तोंडाकडं बघितलं आणि त्या तोंडाला 'मी' म्हणून सांगायची माझी छाती झाली नाही. कानावर हात ठेवले आणि मोकळा झालो.

पाटलांनी डोळे मिटले. बळीबाकडं न बघता म्हणाले, "उद्यापास्नं पोरगी साळंत नगं."

"व्हय, मालक," बळीबा म्हणाला.

कायदा मला पाठ होता. साहेबांना एक कार्ड टाकलं असतं तरी हालचाल झाली असती. माझ्यावर खूश होते ते. मी कार्ड टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळा भरली. उंबऱ्याशी कुणी नव्हतं. दहाच्या तासाला पोरं सवयीनं लिंबाखाली जाऊन बसली, ती मी आत बोलावली आणि बेचा पाढा म्हणायला लावला.

असे आठ दिवस काढले. अन्न गोड लागेना. बायकोला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "जाऊन खरं सांगून या. निदान तिच्या बापाला तरी." म्हणून रविवारी सकाळी मी बळीबाच्या घरी गेलो. काय बोलायचं ते वाटेत घोकत गेलो होतो. बळीबा, पोरीचा काही दोष नाही, दोष माझा आहे. एवढंच म्हणायचं होतं.

मास्तर आपल्या दारात आलेला बघून बळीबाची धांदल उडाली. त्यानं घोंगडी झटकून अंथरली. मी बसायच्या आतच तो माझ्या पायाशी वाकला.

"गुर्जी, तुमी कशापायी आलासा? म्याच येनार हुतो. तोंड न्हाय ऱ्हायलं आमाला. तुमी तिला साळंत घेतली, पोरांमधी बसवली आन् ह्या कारटीनं असलं केलं."

"बळीबा, ऐक—"

"वर खोटं बोलती, गुर्जी! म्हनती, म्या गुर्जीला नगं म्हनलं हुतं. दोनदा म्हनलं हुतं म्हनती. मंग लई हानली तिला. म्हनलं, गुर्जीवर आळ घेती व्हय गं? गुर्जी खोटं बोलतील का?"

त्यानं आत हाक मारली. हौसा बाहेर आली. तिच्या दंडावर काळेनिळे वळ होते. तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, रडत नाही. पाळी आल्यावर पोरं उत्तरासाठी मास्तराच्या तोंडाकडं बघतात तसं बघितलं. घोकलेलं सगळं माझ्या ओठांवर होतं. ते बोललो असतो तर पोरीला उगाच मारल्याचं त्या बापाला कळलं असतं आणि मास्तर कसा आहे हेही कळलं असतं.

"पाय धर गुर्जींचं," बळीबा म्हणाला. "माफी माग."

ती खाली वाकली. तिची ती लहान बोटं माझ्या पायांना लागली.

"असू दे," मी म्हणालो. "लहान आहे. मी तिला माफ केलं."